घरातलं घरातच

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण ग्रॅनाइटवर कोरला गेला तो एकदाच. आमच्या कृषी विद्यापीठाचं मूल्यपत्र लिहायचं होतं. विद्यापीठ काय मानतं, इथल्या माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, हे पानभरात सांगायचं. मी तेव्हा नवी प्राध्यापिका. आपलं मराठी म्हणजे साजूक तूप, अशी माझी खात्री. कुणाला काही विचारायची गरज मला कशी वाटावी? क्वार्टरच्या ओट्यावर बसून मी ते एकटीनंच लिहून टाकलं. शेवटचं वाक्य माझं फार लाडकं होतं: 'हे विद्यापीठ एक कुटुंब आहे, इथे वडीलधाऱ्यांचा शब्द प्रमाण आणि घरातली गोष्ट घरातच.'

सभेत ते वाचून दाखवलं, तेव्हा एका सहकारिणीनं विचारलं की वडीलधाऱ्यांचंच चुकलं तर सांगायचं कुणाला? मी फटकन म्हणाले, "तुम्हाला माहेरी पळायची एवढी घाई का?" सगळे हसले. ती खाली बसली. आमच्याकडे ठराव टाळ्यांनी मंजूर होतात. हात वर करायला लावले तर विरोधात कोण ते दिसतं, आणि ते कुणालाच नको असतं. टाळ्या पडल्या. बावळट मी, मला वाटलं त्या माझ्या मराठीला पडल्या.

माझं वाक्य मुख्य दाराशी ग्रॅनाइटवर कोरलं गेलं. पुढे कागदावरचं मूल्यपत्र वाढत गेलं. तपासणीची समिती यायची झाली की त्याला एखादा नवा शब्द डकवायचा, कधी 'पारदर्शकता', कधी 'समावेशकता'. माझ्या वाक्याला मात्र कुणी हात लावला नाही. मी निवृत्त झाले, आजी झाले, तरी ते दगडात चमकतच होतं.

गेल्या वर्षी एक मुलगी माझ्या दारात आली. मिरजगावची, ज्वारीवर पीएच.डी. करणारी. तिच्या प्लॉटवरच्या नोंदी वापरून तिच्या मार्गदर्शकानं स्वतःच्या एकट्याच्या नावावर लेख छापला होता. तिनं त्या मासिकाच्या संपादकांना कळवलं. त्यावर विद्यापीठानं तिला नोटीस दिली: घरातली गोष्ट बाहेर नेली, मूल्यपत्राचा भंग झाला, नोंदणी रद्द का करू नये? मूल्यपत्राची फेरतपासणी त्याच आठवड्यात होती. वाक्य राहिलं तर तिचं सगळं शिक्षण तिथंच संपणार होतं. तिनं चहाला हात लावला नाही. ते वाक्य कुणी लिहिलं ते आजींना ठाऊक आहे का, एवढंच विचारलं.

मी म्हणाले, "असेल कुणी शहाणी."

सभेला मला जुनी जाणती म्हणून बोलावलं होतं. तिलाही बाजू मांडायला बोलावून कोपऱ्यात बसवलं होतं. तिचा मार्गदर्शक माझाच विद्यार्थी. दारातच तो माझ्या पाया पडला. तिला बोलायला सांगितलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. मग तो उठला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "वाक्य बाईंचं आहे. बाई समोर बसल्यात. त्यांच्या हयातीत त्यांच्या शब्दाला हात लावायचा?"

मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पाहिलं आणि मान खाली घातली.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "मग वाक्य आहे तसंच, टाळ्यांनी..." पहिली टाळी पडलीसुद्धा. माझेही हात सवयीनं एकमेकांकडे निघाले होते. ते मी टेबलावर दाबले आणि त्यांच्याच आधारानं उभी राहिले; गुडघे आता तसे उठत नाहीत.

"त्या वाक्याची बाई मेली असं समजा," मी म्हणाले, "आणि आता बोला."

मी सांगितलं, टाळ्या नकोत. वाक्य काढावं असं ज्याला वाटतं त्यानं हात वर करावा, आणि त्याचं नाव इतिवृत्तात लिहिलं जावं. मार्गदर्शक हसून म्हणाला, "बाई, घरात कुणी असं मत मोजतं का?"

"हिच्या ज्वारीच्या प्लॉटवर तू शेवटचा कधी गेला होतास?"

उत्तरासाठी मी थांबले नाही. मी माझा हात वर केला. बराच वेळ तो एकटाच होता. दंड दुखायला लागला, पण खाली घ्यायची सोय नव्हती. मग ग्रंथपालबाईंनी केला. मग मृदाशास्त्रवाल्यांनी, मार्गदर्शकाकडे न बघता. मग एकेक करत निम्म्याहून जास्त. शेवटी अध्यक्षांनीही केला. वारं कळायला त्यांना नेहमीच थोडा उशीर लागतो.

वाक्य गेलं आणि नोटिशीचा पायाच गेला. नोंदणी कायम, लेखाची चौकशी बाहेरच्या माणसांकडून, असं तिथंच लिहिलं गेलं.

बाहेर पायऱ्यांवर ती स्कूटीसाठी स्कार्फ बांधत उभी होती. मी गेले. ती घरी आली तेव्हा खोटं बोलले त्याची माफी मागितली. तिनं मान हलवली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण खोड कुठली जायला. रिकाम्या जागेसाठी मला एक नवं वाक्य सुचलं होतं, ते मी तिला चाल लावल्यासारखं म्हणून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली:

"आज्जी, वाक्य लई भारी हाय. पण या टायमाला आमी लिवतो. तुमी आयका, आन् पटलं तरच हात वर करा."