दुसऱ्या खोलीतला फोन

एका कचेरीतले इंटरनेटवरचे फोन सांभाळणारा एक तंत्रज्ञ होता. नवा फोन-प्रोग्राम तो स्वतः लिहीत होता आणि चाचणीला घरचाच नंबर लावायचा. लावला की स्वयंपाकघरातला आणि सासऱ्यांच्या खोलीतला, दोन्ही फोन एकदम वाजत.

त्या दुपारी बायकोचा आवाज खणखणीत आला. स्वारी खूश झाली आणि बोलता बोलता मनातलं बोलून गेली.

"तुझ्या वडिलांना थोडे दिवस भावाकडे पाठव ना. दिवसभर ते खोकणं. स्वतःच्या घरात मी पाहुणा झालोय."

बायकोने त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

संध्याकाळी तो घरी आला, तर सासरे बॅग भरत होते.

"मुलाकडे जातो, जावईबापू," ते शांतपणे म्हणाले. "दुपारी मीही फोन उचलला होता. तुमचं सगळं ऐकलं. लेक मात्र एक अक्षर बोलली नाही. तिच्याही मनात तेच असणार."

काय झालं ते त्याला तिथल्या तिथे कळलं. गप्प बसला असता तर निदान आणखी बोलावं लागलं नसतं. पण मग बायकोवर नसता आळ राहिला असता.

"बाबा, चूक माझी आहे," तो खाली बघत म्हणाला. "एक फोन उचलला की मधला सर्व्हर दुसऱ्याची घंटी थांबवतो. पण तुम्ही दोघांनी एकाच क्षणी उचलले, त्यामुळे दोन्ही जोडले गेले. अशा वेळी त्यातला एक कॉल फोन लावणाऱ्यानेच बंद करायचा असतो. ते मी लिहिलंच नव्हतं. माझा आवाज दोघांकडे गेला, पण तिचा फक्त माझ्याकडे आला. तुमचा तर मला ऐकूच आला नाही."

"म्हणजे ती बोलत होती?"

"मला झापत होती."

"काय म्हणाली?"

त्याचे कान तापले. "म्हणाली, बाबा इथेच राहणार. तुला खोकला सोसत नसेल तर कानात बोळे घाल."

म्हातारा बराच वेळ हातातल्या सदऱ्याची घडी नीट करत राहिला. मग सदरा परत कपाटात ठेवला.

प्रोग्राम दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला. सासरे पूर्वीइतक्याच अदबीने "या, जावईबापू" म्हणत, आणि त्या अदबीने त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.