श्वास विसरणारी पोरं

नवजात बाळांच्या वॉर्डात नोकरी करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. डबा उघडून चार जणी बसलो की ते आपोआप निघतात, आणि डबा तसाच राहतो. बारा वर्षं झाली, नंदुरबार जिल्ह्यातल्या एका हॉस्पिटलात मी सिस्टर आहे. आमची गिऱ्हाईकं दीड किलोच्या आतली! दिवस भरायच्या आधीच आलेली. ही पोरं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात. वीस सेकंद सगळं गप्प. मग मॉनिटर ओरडतो, आपण तळपायाला हलकी टिचकी मारायची, की स्वारीला आठवतं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं, आणि काही आठवड्यांत ही खोड जाते.

*

माझाच किस्सा आधी सांगते. नोकरीचा पहिला आठवडा. एक बाळ थांबलं. मी टिचकी मारली, काही नाही. पुन्हा मारली. बाळानं श्वास घेतला, ओठांचा निळा रंग गेला, मॉनिटर शांत झाला. मी मात्र तशीच उभी, तोंड घट्ट मिटून.

आमच्या इन्चार्ज सिस्टर, म्हणजे ताई, रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, "त्यानं घेतला. आता तू पण घे."

*

तापीकाठच्या गावची एक आजी होती. सून सिझेरियनमुळे पडून, म्हणून नातवाजवळ आजी. आमचं बघून बघून ती टिचकी शिकली. मग काय! सलाईनचा पंप वाजला, टिचकी. फ्रिजचं दार उघडं राहून वाजलं, टिचकी. माझ्या मोबाईलवर नवऱ्याचा मेसेज आला, तरी टिचकी! नातू बिचारा झोपणार कधी? मी तिला समजावलं की आजी, प्रत्येक आवाज काही तुमच्या बाळाचा नसतो.

आजी अहिराणीत म्हणाली, "वाजो कोन्हं बी. मी मन्हा नातूले इचारी लेस."

तेव्हापासून माझा मोबाईल ड्यूटीवर सायलेंट असतो.

*

शहाद्याचे एक शेठ, कापसाचे व्यापारी. मूळचे राजस्थानचे, पण मराठी आमच्याहून शुद्ध. लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, तीही दोन महिने आधी. दिवसभर काचेबाहेर उभे राहून मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघायचे आणि वडिलांना फोनवर कळवायचे, "सकाळी चौऱ्याण्णववर उघडलं, दुपारी एकदम अठ्ठ्याऐंशी, आता परत तेजी आहे."

डॉक्टरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी राउंडला आल्यावर गंभीर चेहऱ्यानं त्यांनाच विचारलं, "काय शेठ, आज काय भाव?"

शेठनी हात जोडले. "शहाण्णव, साहेब. पण हा माल विकायचा नाही."

*

श्वास चालू राहावा म्हणून या बाळांना एक औषध देतात. कॉफीत असतं तेच द्रव्य, असं डॉक्टरांनी खांडबाऱ्याच्या एका आजोबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आजोबा भलामोठा थर्मास घेऊन हजर! आत कॉफी. आता हे नातवाला पाजतात की काय, म्हणून ताई धावतच गेल्या. आजोबांनी शांतपणे कप मांडले.

"त्याला तुमचं औषध आहे," ते म्हणाले. "ही तुम्हाला. तुम्हीच पेंगलात तर त्याला कोण उठवणार?"

तशी कॉफी मी पुन्हा प्यायले नाही. साखर फार होती, पण सगळ्यांनी दोन-दोन कप घेतली.

*

जमनीबाईचा किस्सा मी शेवटी ठेवते, कारण तो सांगून झाला की मला दुसरं काही बोलवत नाही. त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत. आणि काळजी नको, तिची पोर आज अंगणभर पळते.

जमनीबाई नर्मदेकाठची, मणिबेलीच्या बाजूची. घरी भिली बोलणारी, आमच्याशी मोडकी मराठी, आणि डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना "तू". घरी तीन वर्षांचा मुलगा सासूजवळ ठेवलेला. महिना उलटून गेला होता, त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याचा विषय निघाला की ती भिंतीकडे तोंड करायची.

आमचा नियम असा, की सलग सात दिवस बाळ श्वास विसरलं नाही, तरच घरी. एकदा जरी थांबलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. तिची पोर एकदा चौथ्या दिवशी थांबली, एकदा सहाव्या. जमनीबाई दोन्ही वेळा त्या दिवशी जेवली नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र सात दिवस पूर्ण झाले. पोर आता मॉनिटरवर नव्हती, आईच्या छातीशी उघडी बांधलेली असायची, नजर तिची आणि येता-जाता आमची. आमच्या वहीत सातही दिवस स्वच्छ. नवरा नवं टोपडं घेऊन आला होता. मुलगा आईची वाट बघत कालपासून किनाऱ्यावरून हलत नाही, असं त्यानं सांगितलं. गावाकडे जाणारी संध्याकाळची बोट चुकली, तर पुढची तीन दिवसांनी. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, डिस्चार्ज कार्डावर सही केली. ताईंनी पेढे वाटले.

जमनीबाई पिशवी घेऊन दारापर्यंत गेली. तिथंच थांबली. नवऱ्याकडे बघितलं, मग परत माझ्या टेबलापाशी आली.

"सिस्टर, सकाळी ही थांबली होती," ती म्हणाली. "कोणी नाय पाहिलं. मी पाय चोळला, तवा आली."

नवरा बोटीचं काहीतरी बोलला. तिनं नकारार्थी मान हलवली आणि पिशवी खाली ठेवली. मी पेन उचललं, पण वही जवळ ओढली नाही. तिनंच वही माझ्यापुढे सरकवली.

"तू लिही," ती म्हणाली. "आज पहिला दिवस."