काकवी लावली की झाकण नाही

माझ्या सासूबाईंना, दिवलीबाईंना, खांडबाऱ्यात सगळे ओळखतात ते नाताळच्या मांडीमुळे. मीठ लावून मुरवलेली डुकराची मांडी त्या मोठ्या हंडीत ठेवतात, खाली निखारे, वर पत्र्याच्या झाकणावर निखारे. मांस शिजलं की झाकण काढून ठेवायचं. मग काकवीत चिंचेचा कोळ आणि मोहरीची पूड कालवायची आणि ठेचलेल्या काडीच्या कुंचल्याने पातळ हात देत राहायचे. इतकंच. पण "काकवी लावली की झाकण नाही" हे मला दर नाताळला इतक्यांदा ऐकावं लागतं, की मी लग्न करून आले की शाळेत दाखल झाले, तेच कळत नाही.

काकवी येते तापीकाठच्या हेमकांतभाऊंकडून. सासूबाई तरुणपणी त्यांच्या गुऱ्हाळावर कामाला जायच्या. भाऊंचे वडील ऐन हंगामात गेले, तेव्हा भाऊंना काही सुधरेना. सासूबाई कढईजवळ उभ्या राहिल्या आणि हंगाम पार पडला. तेव्हापासून भाऊ पहिल्या घाण्याची काकवी आधी देवापुढे ठेवतात आणि मग एसटीने आमच्याकडे पाठवतात. एवढं लक्षात ठेवणारी माणसं मी तरी फार पाहिली नाहीत.

अडचण एकच. भाऊंचं घर पक्कं शाकाहारी, आणि ती काकवी जाते कुठे हे सासूबाईंनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. "कळलं तर भाऊ आपल्याला तोडतील गं," ही त्यांची धास्ती. काकवी गेली तरी चालेल, माणूस जायला नको, असं त्या म्हणायच्या.

गेल्या नाताळला मांडीला काकवीचा दुसरा हात देऊन झाला आणि दारात हेमकांतभाऊ उभे! खांद्यावर केळीचा घड, डोक्यावर इस्त्रीची टोपी.

"दिवलीबाई, यंदा मी सोताच वनू सणले!"

सासूबाई जागच्या जागी थिजल्या. मला वाटलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. मी हंडीवर झाकण टाकलं, निखाऱ्यांसकट, आणि भाऊंना अंगणातल्या खाटेवर बसवून चहा दिला. फार हुशारी केली असं वाटत होतं मला.

चहा अर्धा झाला नसेल, भाऊंनी नाक वर केलं.

"काकवी जळी ऱ्हायनी!"

गुऱ्हाळवाला माणूस तो. कप खाली ठेवून धावलाच. उपरण्याने झाकण उचललं आणि आत पाहून मागे सरकला.

"हाई काय शे?"

मी तोंड उघडणार तोच सासूबाई पुढे झाल्या. "डुक्करनी मांडी शे, भाऊ. तुमनी काकवी दरसाल हिलेच लावस मी."

"देवले दाखाडेल काकवी शे ती, दिवलीबाई."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "मन्हा बी देवना सण शे, भाऊ. म्हणीसनच लावस."

भाऊ हंडीकडे नाही, सासूबाईंच्या हाताकडे बघत राहिले. मी मनातल्या मनात घड परत जाताना पाहिला.

"मंग देवन्या कामले जळेल चालस नही," ते म्हणाले. "निखारा बाजूले करा."

आणि खाटेवर जाऊन, तोंड दुसरीकडे करून बसले. तिथूनच वासावर सांगत राहिले, आता लावा, आता थांबा. सासूबाई गुऱ्हाळावरच्या बाईसारख्या मुकाट्याने ऐकत होत्या. एक बाजू काळी राहिली ती राहिलीच, तिचं श्रेय माझं.

भाऊंसाठी नव्या ताटात भाकरी, काकवी आणि केळी वाढली. जेवणाआधी सासूबाई दर नाताळला देवाचे आभार मानतात, त्यात आमच्या सगळ्यांच्या आधी हेमकांतभाऊंचं नाव असतं. आजवर ते फक्त आम्हीच ऐकत होतो.

भाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि प्रार्थना संपल्यावरही ती पुन्हा घालायचं त्यांना सुचलं नाही.