घर क्रमांक एकसष्ट

धुरपताबाई इटलीला जाऊन आल्या, ही गोष्ट आमच्या पुनर्वसन वसाहतीत पंधरा दिवस चघळली गेली आणि मग सर्वांच्या विस्मरणात गेली. विमानात जेवण देतात का, तिकडे भात मिळतो का, गोऱ्या बायाही नळावर भांडतात का, एवढ्याच चौकशा झाल्या. त्यांनी तिथे पाहिले काय, हे कोणी विचारले नाही. मी विचारले, कारण त्यांच्या पासपोर्टचा अर्ज मी भरला होता आणि त्या अर्जाने मला तीन महिने छळले होते.

अडचण जन्मस्थळाच्या रकान्यापासूनच होती. बाईंचे माहेर अर्जुनी मोरगावकडचे. त्या जन्मल्या तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. नव्याण्णव साली जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि माहेर गोंदियात गेले. सासर, म्हणजे आमचे गाव, धरणाच्या पाण्याखाली गेले. दाखला मागायला जावे, तर एक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवी. मी मोहाडीच्या शाळेत मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात वसाहतीचे अर्ज लिहितो. सात वर्षांत नळ, रस्ता, दिवाबत्ती आणि विहाराची जागा या विषयांवर मी जे लिहिले, त्यातील एकाही अर्जाला उत्तर आलेले नाही. पासपोर्ट मात्र आला. माझ्या लेखणीचे तेवढे एकच यश.

बाईंचे यजमान केशवराव गवंडी होते. गावच्या विहाराचा दगडी ओटा त्यांनी एकट्याने, मजुरी न घेता बांधला होता. गाव उठण्याच्या आदल्या वर्षी ते वारले. मुलगा अनुप लहानपणापासून नागपूरच्या वसतिगृहात होता. शिकला, अभियंता झाला आणि इटलीतल्या एका शहरात यंत्रांचे आराखडे काढू लागला. बाई वसाहतीच्या शेवटच्या ओळीत एकट्या राहतात. दरवर्षी वैशाखात जलाशय उतरतो, जुन्या गावाची जमीन उघडी पडते आणि गाळातून तो ओटा वर येतो. बुद्ध पौर्णिमेला तिथे मेणबत्ती लावायची आणि अनुपला एकदा तरी शेजारी उभे करायचे, एवढीच या बाईची इच्छा होती. फोनवर ती त्याला समजत नव्हती. म्हणून त्या स्वतः गेल्या.

ऑगस्टमध्ये तिकडची माणसे शहर सोडून डोंगरात जातात. अनुपनेही दोन आठवड्यांसाठी एका डोंगरी गावात घर घेतले. दगडी भिंती, छपरावर दगडाच्याच चिपा, चाळीसेक घरे आणि त्यांतली निम्मी कुलूपबंद. आईला काय काय दाखवायचे याची यादी त्याच्या मोबाइलमध्ये तयार होती. एका कमानीचा पूल झाला, त्याला म्हणे सहाशे वर्षे झाली होती. भिंतीवरची चित्रे पोपडे होऊन गळणारे एक लहानसे प्रार्थनाघर झाले. एक पाणचक्की, एक धबधबा, आणि पोकळ खोडात चार माणसे मावतील असे जुनाट झाड. प्रत्येक ठिकाणी अनुप माहिती वाचून दाखवी, फोटो काढी आणि यादीतली एक ओळ खोडी. बाई म्हणाल्या, सारे चांगलेच होते, पण बसायला मिळत नव्हते.

तिसऱ्या दिवशी त्यांना खुणा दिसल्या. शेजारच्या म्हातारीच्या घराच्या कोपऱ्यावर लाल आणि पांढऱ्या रंगाचे पट्टे आणि मध्ये काळा आकडा. पुढे पायवाटेवरच्या खडकावर तसेच पट्टे. त्यापुढे झाडाच्या खोडावर. डोंगर चढत चढत खुणा वर गेलेल्या होत्या.

आमच्या गावात असाच रंग आला होता. मोजणीची माणसे डबा-कुंचला घेऊन आली. पाणी कुठपर्यंत येणार त्या रेषेवर दगडोदगडी पट्टे ओढले आणि प्रत्येक घराच्या भिंतीवर क्रमांक टाकला. धुरपताबाईंचा एकसष्ट, माझा चौऱ्याण्णव. रंग लागल्यावर कोणी भिंत सारवली नाही, कोणी छपरावर नवे कवेलू चढवले नाही. त्यामुळे इटलीच्या डोंगरात बाईंना जे कळले ते आमच्यापैकी कोणालाही कळले असते. हे गाव बुडणार होते, आणि कुलपे लावून निम्मे लोक आधीच निघून गेले होते.

मागे राहिलेल्या त्या म्हातारीला सांगायला हवे, म्हणून दुसऱ्या दिवशी त्या एकट्या तिच्याकडे गेल्या. भाषा नव्हती. तिला हाताला धरून खुणेपाशी नेले, रंगावर बोट ठेवले, मग हात गुडघ्याला, कमरेला, गळ्याला लावून पाणी चढते कसे ते दाखवले. म्हातारीने मान डोलावली, त्यांना झऱ्याच्या दगडी कुंडाकडे नेले आणि ओंजळभर पाणी प्यायला दिले. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला. उठायची वेळ आली की आधी दाराची चौकट काढायची असते. भिंती पडू लागल्या की सागवान दबते, मग निघत नाही. बाईंनी स्वतःची चौकट तशीच काढून वसाहतीत आणली होती. त्यांनी म्हातारीच्या चौकटीवर हात ठेवून ती उपसण्याची खूण केली. आपल्या दाराचे कौतुक होते आहे असे समजून म्हातारीने चौकट प्रेमाने थोपटली आणि बाईंना आत बसवून दूध पाजले.

त्यानंतर बाई यादीतल्या कोणत्याही स्थळाला गेल्या नाहीत. दिवसभर म्हातारीपाशी बसत. अनुपला कारण कळले तेव्हा तो पोट धरून हसला. संध्याकाळी त्याचे दोन मित्र जेवायला आले, त्यांनाही त्याने ती हकीकत सांगितली. ते बेताने हसले, असे बाई म्हणाल्या. परक्यांना तेवढी रीत होती.

"माय, त्या खुणा फिरायले येणाऱ्यांसाठी आहेत," अनुपने समजावले. "जंगलात रस्ता चुकू नये म्हणून. आकडा म्हणजे वाटेचा नंबर."

"आपल्या घराले होता तसाच दिसला मले," त्या म्हणाल्या.

"आपल्या घराले कायचा नंबर?"

तो त्या वर्षी नागपूरला होता. भिंतीवरचा रंग त्याने पाहिलाच नव्हता.

निघण्याच्या आदल्या दिवशी यादीतले सर्वांत मोठे स्थळ त्याने राखून ठेवले होते. दोन तासांच्या प्रवासावर एक निळा जलाशय, आणि पाण्याच्या मधोमध उभा एक घंटेचा मनोरा. खाली बुडालेले गाव. काठावर गाड्यांची रांग, आइस्क्रीमची टपरी, मनोऱ्याकडे पाठ करून फोटो काढणारी कुटुंबे. अनुप फलक वाचून सांगू लागला: धरण कोणत्या वर्षी झाले, घरे किती होती, गावकऱ्यांनी विरोध कसा केला, सुरुंगाने घरे कशी पाडली. त्याला सारे ठाऊक होते. लोक कुठे गेले, असे बाईंनी विचारले. तेवढे फलकावर नव्हते.

"आपल्या गावात घरं किती होती?" त्यांनी विचारले.

अनुप पुन्हा फलकाकडे पाहू लागला.

"एकशे बारा. आपला नंबर एकसष्ट." मग ज्यासाठी सात समुद्र ओलांडले ते त्यांनी सांगितले. "वैशाखात पाणी उतरते. तुह्या बापाचा ओटा उघडा पडते. एक डाव ये, बाबू."

तो येतो म्हणाला. या वैशाखात नक्की येतो, असे त्याने मनोऱ्याकडे पाहत सांगितले, आणि त्या क्षणी ते खरे असावे.

वैशाख आला. पौर्णिमेला दहा दिवस असताना त्याचा फोन आला की रजा नाही, पुढच्या वर्षी बघतो. बाई मला म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही येता का. मी पेपर तपासणीचे कारण सांगितले. पेपर होतेच, परंतु गेलो असतो तर जाता आले असते. सात वर्षांत मी त्या ओट्यावर एकदाही गेलेलो नाही. जुन्या गावाविषयी मी फक्त अर्ज लिहितो.

पौर्णिमेच्या सकाळी केवळराम माझ्या दारात उभा. जलाशयात मासे धरणारा हा माणूस सहसा घाबरत नाही. त्या दिवशी त्याच्यामागे पंधरा-वीस माणसे होती.

"गुरुजी, आपल्याले पुन्हा उठवून राहिले," तो म्हणाला. "खुणा मारल्या. अर्ज लिवा."

मी बाहेर आलो. विजेच्या खांबावर लाल-पांढरे पट्टे होते. रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर तसेच, आणि बाभळीच्या बुंध्यावरही. बाया कालवा करू लागल्या होत्या आणि पुन्हा उपसाव्या लागणार म्हणून दोघांनी रागाने दारांच्या चौकटी मोजायला घेतल्या होत्या. मी जागच्या जागी चार ओळी लिहिल्या, त्या नेहमीप्रमाणे फार सफाईदार उतरल्या, आणि कागद खिशात घालून खुणा कुठवर जातात ते पाहायला एकटाच निघालो.

खुणा रस्ता सोडून गाळाच्या पटांगणात उतरल्या. तडकलेल्या चिखलात दर शंभर पावलांवर एक धोंडा होता आणि प्रत्येक धोंड्यावर तेच दोन पट्टे, बोटांनी ओढल्यासारखे वेडेवाकडे. मध्ये काळ्या रंगात एकसष्ट. तासभर चाललो. ओटा दिसला तेव्हा ओळखू आला नाही, इतका तो लहान होता.

धुरपताबाई पांढरे लुगडे नेसून त्यावर बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल. वाऱ्याने मेणबत्ती टिकत नव्हती म्हणून त्यांनी ती रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली होती. मी येताना दिसलो तेव्हा त्या लगबगीने उठल्या, कपाळावर आडवा हात धरून पाहत राहिल्या आणि मग पुन्हा बसल्या.

"तुम्ही आहा होय," त्या म्हणाल्या.

वसाहतीत काय गोंधळ उडाला ते मी सांगितले. त्या थोडे हसल्या. पावसात पाणी चढेल, सगळे धोंडे बुडतील आणि रंग जाईल, हेही मी सांगितले. असल्या गोष्टी सांगायची मला सवय आहे.

"पुढच्या वैशाखात पुन्हा मारीन," त्या म्हणाल्या. "त्याले खुणा वाचता येते."

मी त्यांच्या शेजारी बसलो. ओट्याचा दगड तापलेला होता. खिशातला अर्ज काढून मी मेणबत्तीच्या वाऱ्याकडच्या बाजूला आडवा धरला, आणि ती संपेपर्यंत तसाच धरून ठेवला.