वाघ शिवताना भेटलेले शहाणे

जिथे काम एक जण करतो आणि चार जण हात मागे बांधून बघतात, तिथे किस्से शोधावे लागत नाहीत. कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या शाळेत मी जूनपासून विज्ञान शिकवते. गॅदरिंगचे ड्रेस शिवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि तीन आठवड्यांत इतके किस्से जमले, की कुणी चहा पाजला तर संध्याकाळपर्यंत सांगत बसेन.

सुरुवात मोठ्या सरांच्या केबिनमध्ये. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक.

"मॅडम, जंगलाच्या नाटकाचे ड्रेस तुमच्याकडं."

"सर, मला शिवता येत नाही. माझं बटणसुद्धा आई लावून देते."

"न्हाई कसं? बाई माणूस हाव तुमी."

"तुम्ही पुरुष आहात. तुम्हाला ट्रॅक्टरचं इंजिन खोलता येतं का?"

सरांनी गंभीरपणे विचार केला. "आमच्याकडं ट्रॅक्टर न्हाई," म्हणाले, आणि कागदावर माझं नाव लिहून सही ठोकली.

*

पुष्पाबाई आमच्या सगळ्यात सीनियर शिक्षिका. त्यांना शिवणातलं सगळं कळतं, असा त्यांचा लौकिक आहे. तो त्यांनीच पसरवलाय. मी त्यांचं मशीन मागितलं.

"माझ्या मशीनला दुसऱ्याचा हात चालत न्हाई, पोरी."

मी शेजारणीचं मशीन आणलं. नंतर एकदा पुष्पाबाईंच्या घरी जाणं झालं. मशीन होतं. मशीनवर टीव्ही होता.

"हा इथे कधीपासून?"

"थोरलीच्या लग्नापासून."

थोरलीची मुलगी आता नववीत आहे.

*

पहिला ससा मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिवला. गळ्याचं माप टेप गळ्याभोवती गुंडाळून घेतलं. शिवून झाल्यावर कळलं, की कपड्यातून गळ्याच्या आधी डोकं जातं. सशाचं डोकं कपाळावरच अडलं.

पुष्पाबाईंनी चष्मा वर केला. "लेकरू आधी ड्रेसात बसवायचं अन् मग त्याला डोकं लावायचं का गं?"

वाक्य मला आवडलं, कबूल करते. मग आठवडाभर त्यांनी ते शिपायापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलं, तेव्हा आवडेनासं झालं.

*

वाघासाठी मी संघमित्राला निवडलं. दुसरीतली, वर्गात सगळ्यात बुटकी, पण डरकाळी अशी की व्हरांड्यातलं कुत्रं उठून चालू लागतं. रोज प्रार्थनेनंतर माझी ओढणी धरून एकच प्रश्न: "मॅडम, वाघ मीच ना?"

मोठ्या सरांना ते पटलं नाही. "पोरगी वाघ काहून? तिला ससा करा. अध्यक्ष सायबांचा नातू वाघ होईल." अध्यक्ष म्हणजे संस्थेचे. प्रमुख पाहुणेही तेच.

"सर, त्या नातवाला डरकाळी येत नाही."

"त्याच्या आज्याला येते की."

ड्रेस तोवर शिवून तयार होता. शिलाईसाठी कडेला जादा कापड सोडावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे संघमित्रालाच तो श्वास रोखून घालावा लागायचा. नातवाच्या तो गुडघ्यावर अडकला. दोन शिक्षकांनी दोन बाजूंनी ओढला. नातू रडू लागला.

"उसवा अन् मोठा करा," सर म्हणाले.

"कापड संपलं, सर."

संपलं नव्हतं.

*

शेपूट मी फार मन लावून शिवलं. ड्रेस सुलटा केला, तर शेपूट गायब. म्हटलं, असेल कुठेतरी. तालमीत संघमित्रा दोन पावलं चालली आणि थांबली.

"मॅडम, माझ्या पँटीत कायतरी लोंबून राहिलं."

शेपूट आतल्या बाजूला शिवलं गेलं होतं. पुष्पाबाईंनी सुस्कारा सोडला. "आमच्या वेळी वाघाचं शेपूट बाहेर असायचं."

*

आता शेवटचा. कापड घेताना मोठे सर म्हणाले होते, "हळदीच्या जिल्ह्यात पिवळं कापड इकत कशाला घेता?" म्हणून मी पांढरं कापड हळदीच्या पाण्यात रंगवलं होतं. गॅदरिंगच्या सकाळी पुष्पाबाईंनी तो ड्रेस मला न विचारता साबणाने धुतला. "वाघाला वरणाचा वास येऊन राहिला होता," म्हणे. उभा जन्म हळद शिजवणाऱ्या गावात गेला, पण साबण लागला की हळद लाल होते, हे बाईंना नेमकं त्या दिवशी आठवलं नाही. वाघाच्या छातीवर आणि पंजांवर लालभडक डाग!

मोठ्या सरांनी कपाळाला हात लावला. "वाघ कॅन्सल. असला वाघ अध्यक्ष सायबांसमोर न्हाई जाणार."

संघमित्रा ओलसर ड्रेस पोटाशी धरून उभी होती. "मॅडम, मी आता वाघ न्हाई का?"

"आहेस. घाल तो," मी म्हटलं. आणि सरांना म्हटलं, "तुम्ही जरा दारातून बाजूला व्हा."

ती स्टेजवर गेली. डरकाळी फोडली. दोन ससे खरंच घाबरून आत पळून आले. नाटक संपल्यावर अध्यक्षांनी कौतुकाने तिला जवळ बोलावलं आणि माईक तिच्यापुढे धरला.

"काय वाघोबा, अंगाला हे लाल लाल काय लागलं?"

संघमित्राने माईक दोन्ही हातांनी पकडला. "रक्त हाय. येताना मोठे सर खाल्ले."

मंडपात हसणं थांबेना. थोड्या वेळाने आभारासाठी मोठ्या सरांचं नाव पुकारलं. कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. तेव्हा पुढच्या सतरंजीवरून एक बारीक आवाज आला:

"ते न्हाई येत आता. संघमित्राच्या पोटात हायेत."