कॅरेटाची दुसरी बाजू

बायको गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी वांग्याचं कॅरेट भाड्याच्या गाडीत चढवलं. एक बाजू तिची, एक माझी. "हं, उचला," ती म्हणायची. त्या दिवशी वर असंही म्हणाली, "आता आपली मोठी पिकअप घ्या."

म्हणून दोन महिन्यांनी मी वलगावहून अकोल्याला गेलो. जुन्या गाड्या विकणारा तो माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा गाडीवरून हात फिरवत होता. नाव मी विचारलं नाही.

"मले मोठीच दे," म्हटलं.

त्यानं मोठ्या गाडीमागं भरलेलं कॅरेट ठेवलं. "चढवून दाखवा, काका."

मला रागच आला. एक बाजू धरली आणि सवयीनं थांबलो, समोरून कोणी उचलेल म्हणून. तो हसला नाही.

"काकू?"

"गेली."

"मंग मोठी मी तुमाले इकत नाही. त्या गाडीचा मागचा फाळका तुमच्या छातीले लागते. ही मधली कमरेएवढी हाये, एकट्याले जमते."

जास्तीचा नफा असा सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मधली घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वांगी तोडून कॅरेट भरलं. दोन्ही बाजू धरल्या. "हं, उचला," मीच म्हणालो आणि चढवलं.