ढोलीतलं लाल कार्ड

कमळाबाई धानाच्या रोवण्यात पुढं असली की चिखलाच्या बांधीतल्या बाकीच्या बाया पाठ सरळ करायले भीत. हात जसा झपाट्यानं चाले तसंच तिचं तोंड. रेशनवाला, तलाठी, ट्रॅक्टरवाला, तिच्या तोंडून कोणी सुटलेला नाई. करंजटोल्यात लोक म्हणत, या बाईले भेव कशाचं आहे ते देवालेच ठाऊक. तिले भेव होतं एका तळहाताएवढ्या कागदाचं.

तिची धाकटी पोरगी चंचल नऊ वर्षांची होती तेव्हा शाळेत सिकलसेलची तपासणी झाली. आमच्या जंगलपट्ट्यात हा रोग कोणाले समजावून सांगायची गरज नाई. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, अन् मग हाडाहाडातून कळा सुटतात. ज्याच्या अंगावर रोग आहे त्याले लाल कार्ड. ज्याच्या रक्तात तो नुसता बसून आहे, त्रास काई नाई, त्याले पिवळं. पण पिवळ्यानं पिवळीशी लग्न केलं तर पोटी लाल येऊ शकते. म्हणून आता सोयरीक जुळवताना पोरीचा रंग पाहून झाला की लोक कार्डाचा रंग विचारतात.

चंचलचं लाल निघालं. गावातल्या आशाताईनं घरी येऊन मायबापाचं रक्त घेतलं. कमळाचं पिवळं, नवरा नानाजीचंही पिवळं. मोठी दिव्यानी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्यासाठी सुई काढली तशी कमळाची सासू ठमाबाई मधात येऊन उभी राह्यली.

"एकीचं निंगालं तेवढं पुरे हाय. मोठीले हात नोको लावू."

"आजी, तपासून तं पाहू द्या."

"तपासलं का कागद होते, अन् कागद झाला का गावभर होते. मंग इचं लगन तू लावून देशीन का वं?"

आशाताईनं कमळाकडं पाह्यलं. जिचं तोंड कधी बंद नसे ती कमळा चुलीतली लाकडं पुढं सारत बसली. त्याच सांजेले तिनं लाल कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं अन् धान साठवायच्या बांबूच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून खाली खुपसलं. आशाताईले शपथ घातली. रोजच्या गोळ्या कार्ड दाखवून भेटत, त्या बंद झाल्या.

पण कळा काई कार्ड पाहून येत नाईत. दोन-तीन महिन्यांत एखाद्या खेपेले चंचल आखडून जाई. ती रडत नसे. गोधडीचं टोक दातात धरे अन् बोटानं दाखवे, इथी, अन् इथी, अन् इथी. नानाजी शेजारच्याची गाडी मागे, मधात पोरगी, मागं कमळा, अन् अठरा किलोमीटर तालुक्याचा दवाखाना.

पहिल्याच खेपेले तिथल्या डॉक्टर मॅडमनं विचारलं होतं, "सिकलसेलची तपासणी झाली आहे का हिची?"

"झाली मॅडम. काई नाई निंगालं."

मॅडमनं केसपेपरवर लिहिलं, सिकल नाही, असे आई सांगते. दुसऱ्या खेपेले वेगळा डॉक्टर होता. त्यानं तो कागद वाचला अन् उतरवून घेतला. तिसऱ्या खेपेपर्यंत 'आई सांगते' गळून पडलं होतं, नुसतं 'सिकल नाही' राह्यलं. परत तपासायचं म्हटलं तर तपासणीचं औषध तिथी कधी राहे, कधी नाई. अन् एवढं साफ लिहिलेलं असल्यावर तपासते कोण?

मग कमळानं उलटीकडून झगडायले सुरुवात केली. शाळेतल्या शिबिरात मोठ्या डॉक्टरनं काय काय सांगितलं होतं ते तिले शब्द न् शब्द पाठ होतं. पोरीले गरम ठेवा, पाणी भरपूर द्या, सलाईन लागते, रक्त किती आहे ते पाहा. हे सगळं ती मागे, फक्त काऊन मागते ते सांगत नसे.

"मॅडम, सलाईन लावा इले."

"गरज नाही. वाढत्या वयात दुखतात पाय. गोळी देते."

"रक्त तं पाहा किती हाय ते."

"मागच्या वेळी पाहिलं. कमी आहे, पालेभाज्या द्या म्हणून सांगितलं होतं ना?"

"भाजीनं भागत नाई मॅडम इचं. दुखनं कमी कराची दमदार सुई द्या, एक रात ठेवा इथी."

मॅडमनं पेन खाली ठेवला. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाई जी."

"मग मला सांगा, तुम्हाला हे सगळं कोणी सांगितलं?"

कमळाजवळ उत्तर होतं, ते तिनं गिळलं. दवाखान्यात तिचं नाव 'वकीलबाई' पडलं. ती आली की नर्सा एकमेकींकडं पाहत. कधी भांडून-भांडून सलाईन भेटे, कधी गोळी घेऊन वापस. गाडीवर नानाजी म्हणे, "सांगून टाक ना वं एकदाचं." ती म्हणे, "तुमी सांगा. तुमाले तोंड नाई का?"

यंदा उन्हाळ्यात दिव्यानीले पाहायले बल्लारपूरचा प्रफुल आला. कागद कारखान्यात ठेक्यावर कामाले, निर्व्यसनी, बोलायले मऊ. दोघांचं फोनवर जमलं. रोवणा आटोपला की साक्षगंध करायचं ठरलं. पाहुणे जेवून उठले तेव्हा त्यांच्यातली एक जाडजूड बाई हात धुता धुता कमळाले म्हणाली, "तुमाले कुठी तरी पायलं हाय मी. हं, तालुक्याच्या दवाखान्यात! वकीलबाई न तुमी?"

ती प्रफुलची आत्या मंगली. त्या दवाखान्यात वॉर्डातली आया. आपल्या विनोदावर ती इतकी हासली की हातातला तांब्या सांडला. कमळाही हासली.

त्यानंतर दवाखान्याची वाटच बंद झाल्यासारखी झाली. जुलैत एकदा न्यावं लागलं, तर मंगली खाटेजवळून हटेना. आपुलकीनं चंचलचे पाय चेपे अन् विचारे, "इहीनबाई, काय होते हो पोरीले?"

"नजर लागते."

"दर खेपेले?"

"दिसाले गोरी हाय न, मनून."

मंगलीनं चंचलच्या सावळ्या तोंडाकडं पाह्यलं अन् पाय चेपत राह्यली.

ऑगस्टात रोवणा ऐन भरात होता. मजूर भेटत नव्हते. चंचल, बारा वर्षांची, धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्याच्या पेंढ्या उचलून द्यायले बांधीत उतरली. कमळानं दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा तिच्या ध्यानातून गेलं. दिवसभर पोरगी गार चिखलात उभी राह्यली. सकाळी उठली ती ताप घेऊन. या खेपेले तिनं पाय नाई दाखवला, हात नाई दाखवला. छातीवर बोट ठेवलं अन् म्हणाली, "माय, श्वास घेतला का टोचते."

शिबिरातला मोठा डॉक्टर एक गोष्ट दोनदा बोलला होता. छातीत दुखलं, दम लागला, की थांबायचं नाई. रक्त द्यावं लागते. थेट चंद्रपूर.

मॅडमनं तपासलं, बोटाले चिमटा लावून पाह्यला, केसपेपर पाह्यला. "न्यूमोनिया आहे. इंजेक्शन सुरू करते. उद्या सकाळपर्यंत बघू."

"चंद्रपूरले पाठवा मॅडम."

"न्यूमोनिया इथं बरा होतो. उगाच पाठवलं तर मला वरून विचारतात, का पाठवलं म्हणून."

"पाठवा. मी पाया पडते तुमच्या."

"कारण द्या मला, बाई. नुसतं पाठवा पाठवा नाही चालत."

मंगली थर्मामीटरचं भांडं धरून तिथंच उभी होती. साक्षगंधाले आठ दिवस. कमळा तिले म्हणाली, "मंगलीबाई, पोरीले जरा गरम पानी आना न."

"हे का, थर्मास भरूनच ठेवला मी." मंगलीनं खाटेखालून थर्मास काढला.

चंचलच्या नाकपुड्या फुलत होत्या. दर श्वासाले बरगडीखाली खड्डा पडत होता. नानाजी दाराजवळ भिंतीकडं तोंड करून उभा. कमळा मॅडमच्या कानाजवळ वाकली अन् पुटपुटली.

"काय? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

"लाल कार्ड हाय इचं," कमळा म्हणाली, पूर्ण वॉर्डाले ऐकू जाईल अशी. "तीन वर्सं झाले. खोटं बोलली मी."

मॅडमनं आधी तिच्याकडं, मग कागदाकडं पाह्यलं. "प्रत्येक वेळी लिहिलंय इथं, सिकल नाही. आता चंद्रपूरला जायचंय म्हणून सांगता का हे?"

ज्याची तिनं उभ्या जन्मात कल्पना केली नव्हती ते हेच. आजवर खोटं सांगितलं ते सगळ्यांनी खरं मानलं. आज खरं सांगितलं तर पुरावा पाहिजे.

"कार्ड कुठं आहे?"

"ढोलीत."

"कशात?"

"धानात, मॅडम, धानात! घरी."

"फोटो मागवा कोणाकडून. ताबडतोब."

नानाजीजवळ बटनाचा फोन. मॅडमच्या सिमले त्या वॉर्डात टावर नाई. टावर होता एकीच्याच फोनले, अन् तिच्या फोनात दिव्यानीचा नंबर आधीच होता. मंगलीनं भांडं खाली ठेवलं, पदराले हात पुसले, नंबर लावला अन् फोन कमळाच्या हातात दिला.

"दिव्यानी, ढोलीत हात घाल. खाली, बुडाशी. पिशवी हाय."

"कायची पिशवी माय?"

"चंचलचं लाल कार्ड. फोटो काढ अन् याच फोनवर धाड."

पलीकडं काई वेळ नुसता पाटीवर धान पडल्याचा आवाज. मग फोटो आला. मंगलीनं तो दोन बोटांनी मोठा केला, नाव वाचलं, तारीख वाचली, अन् फोन मॅडमपुढं धरला.

त्यानंतर कोणाले सांगायची गरज पडली नाई. ऑक्सिजन लागला, सलाईन लागली, १०८ बोलावली. मॅडमनं कागदावरच्या त्या सगळ्या ओळी खोडल्या अन् कमळाले एकच वाक्य ऐकवलं, "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ही इथपर्यंत आलीच नसती." कमळानं मान हलवली. ते तिले कोणी सांगायची गरज नव्हती.

गाडीत चंचलले ठेवताना मंगलीनं तिच्या पायाभोवती घोंगडी खोचली. मग दार धरून उभी राह्यली.

"मोठीचं कोनतं?"

"तपासलंच नाई."

"काऊन?"

कमळानं चंचलची घोंगडी पुन्हा सारखी केली.

"प्रफुलचं पिवळं हाय," मंगली म्हणाली. "आमी बी नवतं सांगितलं तुमाले. भाऊ म्हने, पोरीवाल्यानं इचारलं तं पाहू. तुमी इचारलंच नाई." तिनं दार लावलं.

आपण विचारलं असतं तर त्यांनी आपल्यालेही विचारलं असतं, म्हणून कमळानं विचारलं नव्हतं.

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर खुर्ची ओढून बसायच्या आधीच ती सुरू झाली. "मी आई. लाल कार्ड हाय. तीन वर्सं लपवलं. गोळ्या बंद होत्या. दर खेपेले खोटं बोलली, जुन्या कागदावर सिकल नाई लिवलं हाय ते चूक हाय, आधी ते लिवून घ्या." डॉक्टर जुनाजाणता होता. त्यानं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "अजून मुलं आहेत?"

"एक हाय."

"तिला घेऊन या."

चंचलले रक्ताची पहिली बाटली लागली. दुसऱ्या दिवशी दम कमी झाला. कमळानं प्रत्येक राऊंडले डॉक्टर थांबवला. कोणती गोळी, किती दिवस, कुठी भेटते, महिन्याले कोणती तपासणी. आता तिले मागायले लाज नव्हती अन् लपवायले काई उरलं नव्हतं. पण गोळी जन्मभराची आहे हे तिले तिथंच समजलं, अन् दर महिन्याले ही वाट आहे हेही.

दिव्यानी दुसऱ्या दिवशी बापासोबत आली. कमळानं तिले जिन्याजवळ नेऊन प्रफुलचं सांगितलं. पोरीनं ऐकून घेतलं, बाही वर केली अन् स्वतःच तपासणीचं रक्त द्यायच्या रांगेत जाऊन उभी राह्यली. रिपोर्टले चार दिवस लागले. त्या चार दिवसांत ना इकडून कोणी साक्षगंध मोडलं, ना तिकडून. नानाजीनं मंडपवाल्याले हो म्हणून ठेवलं होतं. त्याले नाई म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी दिव्यानी रिपोर्टच्या खिडकीवरून कागद घेऊन जिन्याजवळ आली. पिवळं.

"सतरा वर्साची होती तवाच समजलं असतं हे," ती म्हणाली.

"बुडी आजी मधात आली होती, तू पायलंच न."

"बुडी होती. पन माय तू होती."

तेवढ्यात दिव्यानीच्या हातातला फोन वाजला. प्रफुल. ती त्या नावाकडं पाहत राह्यली. उचलला नाई, कापलाही नाई.

वॉर्डाच्या दारातून नर्सनं हाक दिली, "चंचलची आई, दुसरी बाटली लावायची आहे, हात धरायला या!"

"जा," दिव्यानी म्हणाली.

कमळा आत गेली. चंचलनं हात पुढं केला होता. तिनं मनगट धरलं. सुई गेली तशी पोरीनं डोळे मिटले. खाटेवरून दार दिसत होतं, पण जिना दिसत नव्हता. बाहेर दिव्यानी काई तरी बोलत होती. कोणाशी, काय, हे पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं. अन् बाटली संपेपर्यंत कमळाले जाग्यावरून हलता येत नव्हतं.